दुसरी पसंती

"तुझं उघडलं का?" मेरिनने बाथरूममधून ओरडून विचारलं.

"नाही अजून. नुसतं गोल गोल फिरतंय," केरेन्सा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून म्हणाली.

आई बेकरीचा ॲप्रन बांधून दारात उभी होती. आज निकाल होता; तिने दुकानात उशिरा येते म्हणून सांगितलं होतं. "मी कधीची थांबलेय. तो फोन जरा खिडकीजवळ धर ना! इथे कुठे येणार रेंज?"

तेवढ्यात वरून किंकाळी आली. मेरिन तोंडात टूथपेस्टचा फेस घेऊन दोन दोन पायऱ्या उतरत आली. "मिळालं! ब्रिस्टल! आई, मला कायद्याला मिळालं!" तिने आईला मिठी मारली, आईच्या ॲप्रनवर फेस लागला, दोघी हसल्या, रडल्या. मग दोघींनी एकदमच केरेन्साकडे पाहिलं.

केरेन्साच्या फोनवर पान उघडलं होतं. त्यात 'अभिनंदन' कुठे नव्हतं. 'दिलगीर आहोत' असंही कुठे नव्हतं. तिने मागितलेला फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम देता येत नाही, पण त्याच विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापनाची जागा आनंदाने देऊ करत आहोत, असं काहीतरी लिहिलं होतं. तिने ते पुन्हा वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं.

"म्हणजे काय गं?" आई म्हणाली. "पास की नापास?"

"दोन्ही नाही," केरेन्सा म्हणाली.

मेरिनने तिच्या हातातून फोन घेतला आणि भराभरा वाचून टाकला. "अगं, म्हणजे हीपण ब्रिस्टललाच! विषय वेगळा, एवढंच. आपण दोघी एकत्र आहोत, केर!"

दोघी बहिणी जुळ्या नव्हत्या, पण लोक त्यांना जुळ्याच समजत. मेरिन सप्टेंबरच्या सुरुवातीची आणि केरेन्सा पुढच्याच ऑगस्टच्या शेवटची. तिथे शाळेचं वय सप्टेंबर ते ऑगस्ट असं मोजतात, त्यामुळे शाळेत दोघी एकाच वर्गात आल्या आणि मग एकाच बाकावर. त्यांच्या न्यूलिन गावच्या बंदरावर सगळे 'मेरिनकेरेन्सा' असं एका दमात म्हणत. मेरिन बोलायची, केरेन्सा बरोबर असायची. दुकानात काय हवं ते मेरिन सांगायची, डॉक्टरांकडे केरेन्साचं काय दुखतंय तेही तीच सांगायची. केरेन्साला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट सोयीचं होतं ते.

कॉलेजच्या हॉलमध्ये हॉस्किन सरांनी तिला बाजूला घेतलं. ते बारावीच्या वर्गांचे प्रमुख होते आणि आज त्यांनी टाय लावला होता. जीवशास्त्रात ए हवी होती, तिथे सी आली होती. बाकी दोन्हीत एक बी, एक सी.

"हे बघ," सर म्हणाले, "तुझ्या पहिल्या पसंतीने, म्हणजे ब्रिस्टलने, विषय बदलून जागा दिलीय. ती घे किंवा सोडून दे. दुसरी पसंती मिडल्सब्रो, तिथे फिजिओथेरपीच आहे. त्यांनी बी, बी, सी मागितलं होतं, तुझी एकच ग्रेड हुकलीय. फोन करून बघ, कधी कधी घेतात. नाहीतर वर्षभर थांबून परीक्षा परत दे."

"सर, तुम्ही काय केलं असतं?"

"मी?" सरांनी टाय सैल केला. "मी काय केलं ते दिसतंयच की. जिथे शिकलो तिथेच शिकवतोय."

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं की समाधान म्हणून, ते केरेन्साला कळलं नाही.

मिडल्सब्रोला फोन लावला तो मेरिनने. हॉलबाहेरच्या भिंतीशी उभं राहून तिने केरेन्साचा फोन स्पीकरवर टाकला. बराच वेळ संगीत वाजलं आणि मग एका बाईंचा आवाज आला, उत्तरेकडच्या लोकांसारखा शब्द घोळवणारा.

"नमस्कार, मी केरेन्सा ट्रेगेन्झाबद्दल बोलतेय," मेरिन म्हणाली. "तिला जीवशास्त्रात सी आहे, पण तिची तयारी चांगली होती, पेपरच्या दिवशी तिला बरं नव्हतं, आणि..."

"एक मिनिट हं बाळ. केरेन्सा म्हणजे तूच का?"

"मी तिची बहीण."

"तिला बोलता येतं ना?"

मेरिनचा चेहरा पडला. तिने फोन केरेन्सापुढे धरला.

"हॅलो," केरेन्सा म्हणाली.

"हां, आता कसं! माझं नाव डोरीन. जागा आहेत अजून थोड्या. पण मला आमच्या प्राध्यापकांना काहीतरी सांगावं लागेल. मला सांग, तुला अजूनही फिजिओथेरपीच करायचीय ना?"

मेरिन जोरजोरात मान हलवून 'हो म्हण' असं सांगत होती. नंतर तीच हातांनी 'थांब, थांब' करायला लागली.

"मी जरा विचार करून सांगते," केरेन्सा म्हणाली.

"कर विचार. संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत सांग. कुणी दुसरं उचललं तर डोरीनला द्या म्हण."

मेरिनने फोन बंद करून आपल्याच खिशात टाकला. "विचार? कसला विचार?"

खरी अडचण तीच होती. दोन वर्षांपूर्वी हॉस्किन सरांनी वर्गात प्रत्येकाला विचारलं होतं, पुढे काय करणार. केरेन्सा गप्प राहिली, तेव्हा मेरिनने सांगून टाकलं, "ती फिजिओथेरपी करणार, सर. आमच्या बाबांचा हात तिनेच बरा केला." सरांनी लिहून घेतलं. तेव्हापासून केरेन्सा फिजिओथेरपी करणार होती. आज पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारलं होतं, आणि उत्तर आपलं आहे की मेरिनचं, हे तिला सांगता येईना.

बेकरीत दुपारची गर्दी होती. आई भट्टीतून काढलेल्या गरम पास्ट्या, करंजीसारख्या, मांस-बटाटा भरलेल्या, कागदात गुंडाळून देत होती. केरेन्साला पाहून रांगेतल्या अँगोव्हबाईंनी विचारलं, "काय गं राणी, लागला का नंबर कुठे?"

"लागलाय आणि नाहीपण," केरेन्सा म्हणाली.

"ब्रिस्टलला लागलाय!" आईने काउंटरमागून सांगितलं. "दोघींचाही. फक्त विषय थोडा वेगळा आहे."

"आणि मिडल्सब्रोसुद्धा आहे," केरेन्सा म्हणाली.

"मिडल्सब्रो?" अँगोव्हबाईंनी हात छातीशी नेला. "अगं, माझा भाचा गेला होता तिकडे. बायको करून आणली तिथली. पोरगी गुणाची आहे, पण ती काय बोलते ते आजतागायत आम्हाला कळलेलं नाही. आम्ही आपले हसतो."

रांग हसली. आईने केरेन्साला आत ओढलं, पिठाच्या पोत्यांजवळ. "हे बघ, मी काही बोलणार नाही," ती म्हणाली आणि बोलायला लागली. "व्यवस्थापन म्हणजे नोकरीचं आहे. ब्रिस्टलहून रविवारी येता येईल. ते दुसरं गाव म्हणजे दिवसभराची रेल्वे. तिथे तुला ताप आला तर कोण आहे? तू कुणाला सांगशील तरी का ताप आलाय म्हणून? दोघी एकत्र असलात म्हणजे मला रात्री झोप तरी लागेल. पण तुझं तू ठरव."

"मला ठरवता येत नाहीये, आई."

"तेच म्हणतेय मी. मग मेरिनबरोबर जा."

केरेन्साने एक पास्टी घेतली आणि धक्क्यावर गेली. बाबा नुकतेच परत आले होते. ते लहान बोटीवर दोरीच्या गळांनी बांगडे पकडत. मोठ्या बोटीवर असताना जाळं ओढणाऱ्या यंत्रात त्यांचा उजवा हात गेला होता. रुग्णालयातल्या बाई आठवड्यातून एकदा यायच्या, आणि बाकीचे दिवस त्या दाखवून गेलेला व्यायाम केरेन्सा करून घ्यायची. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.

बाबा बर्फावर बांगडे लावत होते. तिने अर्धी पास्टी त्यांच्यापुढे धरली. सगळं ऐकेपर्यंत त्यांनी ती संपवली.

"मला विचारू नकोस," ते म्हणाले. "मी बोटीवर गेलो, कारण बोट दारात होती. मी कुठे काय निवडलं?"

"मग पस्तावलास का?"

"काही दिवस. थंडीतले." त्यांनी हात पुसले. "तुझी आई म्हणते एकत्र जावं. बरोबर आहे तिचं. तो मास्तर म्हणतो फोन कर. तोही बरोबर आहे."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी भाव पडायच्या आत हे मासे लिलावात नेण्याच्या बाजूने आहे," बाबा म्हणाले आणि खोका उचलला. उजवा खांदा अजूनही डाव्याच्या थोडा आधी वर यायचा. चार पावलं जाऊन ते थांबले. "केर, तू माझा हात धरून बसायचीस ना, तेव्हा तू बडबड करायचीस. आठवतंय? तुझ्या आईलापण नवल वाटायचं."

केरेन्साला आठवत नव्हतं.

ती धक्क्याच्या टोकाला जाऊन बसली. ब्रिस्टलचा विचार केला की मेरिनचं हसू दिसायचं आणि बरं वाटायचं. मग क्रीडा व्यवस्थापन हे शब्द आठवायचे आणि डोळ्यांसमोर काहीच यायचं नाही, अगदी काहीच नाही. मिडल्सब्रोचा विचार केला की भीती वाटायची. आपण घाबरतोय म्हणून ब्रिस्टल बरं वाटतंय, की ब्रिस्टलच बरं आहे? सीगल पक्षी डोक्यावर कलकलाट करत होते. शेवटी तिला या सगळ्याचा कंटाळा आला. मेरिन धक्क्याच्या भिंतीवरून चालत येताना दिसली, तेव्हा तिने ठरवून टाकलं.

"मी येते," ती म्हणाली. "ब्रिस्टलला. व्यवस्थापन घेते."

आता मेरिन ओरडेल, मिठी मारेल, असं तिला वाटलं. मेरिन तिच्या शेजारी बसली आणि पाण्याकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. छान झालं."

"मेर, सकाळपासून तूच म्हणतेयस."

"हो, म्हणतेय. मग काय म्हणायला हवं होतं मी? येऊ नकोस?" मेरिनचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "त्या बाईने फोनवर विचारलं ना, तिला बोलता येतं का, तेव्हा मला इतका राग आला. तिचा नाही. तुझा. मी कधीपासून दोघींचं बोलतेय, केर. दमले मी. ब्रिस्टलला मला कुणीच ओळखत नाही. तिथे मी एकटी कशी असेन, ते मला एकदा बघायचं होतं."

लाट धक्क्यावर आपटली. मेरिनने तोंडावर हात ठेवला. "नाही, नाही. विसर हे. मी मूर्खासारखी बोलले. तू ये. मला तू हवी आहेस. खरंच हवी आहेस."

दोन्ही खरं होतं, हे केरेन्साला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आपल्या मनाला लागलंय की सुटल्यासारखं वाटतंय, याचा मात्र तिला पत्ता लागेना. रडू येईल असं वाटून तिने वाट पाहिली. आलं नाही.

"फोन दे माझा," ती म्हणाली. "आणि तू जरा तिकडे जा."

"कुठे?"

"ऐकू येणार नाही एवढ्या लांब."

मेरिन गेली. डोरीनबाईंनीच फोन उचलला.

"केला का विचार?"

"केला. पण काही ठरलं नाही," केरेन्सा म्हणाली. "म्हणजे, मला फिजिओथेरपीच का करायचीय ते मला नीट सांगता येत नाही."

"मग नीट नको सांगूस. कसंही सांग."

केरेन्सा म्हणाली, "माझ्या बाबांचा हात यंत्रात गेला होता. मी त्यांचं कोपर असं तळहातावर घ्यायचे. सुरुवातीला ते खूप जड लागायचं, म्हणजे ते सगळा भार माझ्यावर टाकायचे. मग एके दिवशी ते हलकं लागलं. त्यांना कळलंच नाही, मला आधी कळलं. मी त्यांना सांगितलं, तू आता स्वतः उचलतोयस. त्यांना खोटंच वाटलं." ती बोलतच राहिली. रुग्णालयातल्या बाई तिच्यावर कशा रागवायच्या, बाबा कसे शिव्या द्यायचे, चहाचा कप पहिल्यांदा तोंडाशी गेला तेव्हा त्यातला निम्मा शर्टावर कसा सांडला. मध्येच तिला वाटलं, आपण फार बोलतोय. "एवढंच आहे. हे चालतं का मला माहीत नाही."

पलीकडे की-बोर्डचा आवाज येत होता. "थांब हं," डोरीनबाई म्हणाल्या. संगीत वाजलं. ते पुष्कळ वेळ वाजलं. मग त्या परत आल्या. "जागा तुझी. पण आधी त्या दुसऱ्या विद्यापीठाला नाही कळव, तोवर मला तुला घेता येत नाही. आणि एकदा नाही म्हटलंस की परत जाता येणार नाही, कळलं ना बाळ?"

"कळलं."

तिने ब्रिस्टलचं पान उघडलं. 'नाकारा' या शब्दावर अंगठा ठेवला. तेव्हाही तिला खात्री नव्हती. तिने तो दाबला आणि मग मेरिनला हाक मारली.

आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मिडल्सब्रोच्या गाड्यांची चौकशी केली.

सप्टेंबरच्या मध्यात, मेरिनच्या निघण्याच्या आदल्या रविवारी, आईने जिन्याखालचा खोका बाहेर काढला. उन्हाळाभर ती त्यात संसार जमवत होती. दोघींचा मिळून एक. तिने जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं, दुसरा एक रिकामा खोका आणला आणि वाटणी सुरू केली. ताटल्या निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे. चमचे, टॉवेल, कप. बाबा दारात उभे राहून बघत होते.

शेवटी एक भाजी निथळायची जाळीची चाळणी उरली. निळ्या कडांची, चांगल्यापैकी महाग.

"केरला दे," मेरिन म्हणाली.

"नको, तुला ठेव," केरेन्सा म्हणाली. "तू पास्ता करतेस."

"तूपण करशील ना आता."

आईने ती हातात घेतली, उगाच उजेडाकडे धरली, फडक्याने पुसली. मग उठून तिने ती स्वतःच्या कपाटात, रोजच्या भांड्यांमागे ठेवून दिली, आणि दोन्ही खोक्यांना चिकटपट्टी लावायला बसली.