रेडिओच्या गोष्टीत नसलेला दिवस

लोणावळ्यातला ‘डोंगरवारा’ रेडिओ यशोधराताईंनी उभा केला. शाळेतली नोकरी सोडून त्या मावळातल्या गावागावांत रेकॉर्डर घेऊन हिंडल्या, ओव्या, दवाखान्याच्या वेळा, भाताच्या रोगांची माहिती गोळा केली. परवाना मिळेपर्यंत घरचेही म्हणायचे, हे काही होत नाही. पण झालं. सकाळचा कार्यक्रम त्यांच्याच आवाजात सुरू व्हायचा आणि बाजारात लोक त्यांना आवाजावरून ओळखायचे.

मग जवळच्या कुरवंडे गावची सृष्टी कामाला आली. ती आली त्या वर्षीच्या जुलैत मोठा पाऊस झाला. गाड्या बंद पडल्याने ताई पुण्यात अडकल्या होत्या. वीज गेली, मोबाइल बंद झाले. सृष्टीने जनरेटर लावला आणि दिवसभर एकटी बोलत राहिली. कुठला रस्ता खचलाय, कुठल्या शाळेत जेवण आहे, कुणाचा माणूस सुखरूप आहे, सगळं सांगत राहिली. लोकांनी सेलवरचे जुने रेडिओ काढून ते ऐकलं.

तेव्हापासून बाजारात ताईंना लोक विचारू लागले, “त्या पावसातल्या बाई तुमच्याकडंच असतात ना?” ताई हसून हो म्हणायच्या. घरी आल्यावर मात्र भाजी चिरताना सुरी जोरात चालायची.

रेडिओला दहा वर्षं झाली तेव्हा इतिहासाचा तासाभराचा कार्यक्रम ताईंनी स्वतः बनवला. त्या पावसाचं रेकॉर्डिंग त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकलं. सृष्टीचा आवाज बसला होता, मध्येच ती खोकत होती, तरी थांबत नव्हती. आपण इतकं चांगलं बोललो असतो का, हा प्रश्न त्यांना सहन झाला नाही. त्यांनी तो भाग काढला आणि उद्घाटनाची भाषणं लांबवली.

कार्यक्रम लावायला स्टुडिओत, कन्सोलच्या बटणांपाशी सृष्टीच होती. काचेपलीकडून ताई तिच्याकडे पाहत राहिल्या. ती शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकत होती. नंतर श्रोत्यांचे फोन सुरू झाले. कुरवंड्याचे महिपती आबा म्हणाले, “पोरी, त्या पावसाचं कायच न्हाई लावलं? आमी त्याच्यासाठीच बसलो व्हतो.”

“वेळ पुरला नसेल, आबा,” सृष्टी म्हणाली आणि पुढचं गाणं लावलं.

फोन संपल्यावर ती बाहेर आली. “ताई, वेळ पुरला नव्हता का?”

ताईंना खोटं बोलता आलं असतं. “पुरला होता,” त्या म्हणाल्या. “मीच काढलं. लोक तुझंच नाव घेतात, ते मला बघवत नाही.”

सृष्टी म्हणाली, “माझं नाव कुणाला ठाऊक आहे? ‘ताईंच्या रेडिओवरची पोरगी’ म्हणतात मला. सत्काराला तुम्हाला बोलावतात, मी खुर्च्या लावते. मलाही तुमचा राग येतो, ताई. पण म्हणून मी तुमचा आवाज कापला नसता.”

रविवारी कार्यक्रम पुन्हा लागायचा होता. ताईंनी भाषणं काढली, स्वतःच्या मुलाखतीचा अर्धा भागही काढला आणि पाऊस परत घातला. त्याआधी त्यांनी स्वतःच्या आवाजात सांगितलं, “यानंतर बोलतेय कुरवंड्याची सृष्टी. त्या दिवशी मी इथं नव्हते. रेडिओ तिनं चालू ठेवला.”

हे बोलून मन हलकं होईल असं त्यांना वाटलं होतं, तसं झालं नाही. सोमवारी भाजीवाल्या चिमाबाईंनी सृष्टीचं तोंडभरून कौतुक केलं, तेव्हा ताईंच्या छातीत तीच जुनी कळ उठली. “व्हय, चांगलीच बोलली ती,” त्या म्हणाल्या, मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि कामावर गेल्या.