पाण्यात बंद, उन्हात खुला

सागरनं माझ्या नवऱ्यानं केलेला साचा नेला तेव्हा मी इद्दतीत बसले होते. नवरा गेला की चार महिने दहा दिवस बाईनं घराबाहेर पडायचं नाही, ही आमच्यातली रीत. सागरला ती चांगली ठाऊक होती. आसिमचा धंद्यातला जोडीदार तो, आमच्याच घरी जेवलेला, ईदला शिरखुर्म्याची दुसरी वाटी मागून घेणारा. त्यानं टेम्पो आणला, स्वतःजवळच्या चावीनं शेड उघडली आणि साचा चढवला. मी दाराआडून ओरडले, काऊन नेतो म्हणून. तर म्हणाला, "भाईनंच मले सांगतलं होतं भाभी, काम बंद पडू देऊ नोको." मेलेल्या माणसाच्या तोंडी वाट्टेल ते घालता येतं. मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. त्या थांबण्याचा राग रीतीवर काढता येत नव्हता, म्हणून तोही मी सागरच्या नावावर मांडला.

वडनेर भोलजीत हायवेलगत आमची फायबरची शेड आहे. पाण्याच्या टाक्या, कूलरच्या बॉड्या, देवळांचे कळस. आसिम लग्नाआधी गोव्याला बोटींच्या कारखान्यात होता. समुद्राच्या लाटांवर उभं राहायचे सर्फबोर्ड करायला तो तिथं शिकला. इथं ते करायला घेतले तेव्हा लोक हसले. नळगंगेच्या धरणात लाटा आणतो का, म्हणाले. आसिम म्हणायचा, "केळी रावेरची अन् खातात दिल्लीवाले. त्याले कोणी हसते का?"

त्याचा बोर्ड आतून पोकळ असायचा; करताना त्याच्या हाताखाली मी असायचे. साच्याचे दोन भाग. एकात वरची बाजू, दुसऱ्यात खालची, फायबरचं कापड आणि रेझिन, म्हणजे घट्ट होणारी राळ, थरावर थर देऊन घडवायच्या आणि मग दोन्ही कडेला कड लावून जोडायच्या. बोर्ड हलका व्हायचा आणि दणकटही. नखरा एकच, आत कोंडलेली हवा. ऊन लागलं की ती फुगते आणि सांधा उलतो. म्हणून शेपटीकडे एक बारीक भोक ठेवायचं आणि त्यात स्क्रू बसवायचा. पाण्यात उतरताना तो आवळायचा, बाहेर आलं की सैल करायचा. "पाण्यात बंद, उन्हात खुला," एवढंच आसिम सांगायचा.

ते भोक कुठं पाडायचं त्याची खूण हवी होती. ज्यावरून साचा काढायचा त्या लाकडी नमुन्यावरची पुट्टी ओली होती, आसिमनं तीत अंगठा दाबला. नमुन्यावर खळगा पडला, साच्यात त्याचा उठाव आला, आणि साच्यातून निघालेल्या बोर्डावर पुन्हा तोच खळगा, अंगठ्याच्या रेषांसकट. साचा सोडवताना नमुना तुटून गेला. त्या साच्यातून एकच बोर्ड निघाला, तो मालवणच्या प्रतीक्षाताईंनी नेला. त्या पोरांना लाटांवर उभं राहायला शिकवतात. तो बोर्ड खडकावर आपटून फुटला. पुढं कावीळ आसिमला घेऊन गेली आणि त्याचा अंगठा फक्त साच्यात उरला. मला दुसरं काही नको होतं, तेवढं परत हवं होतं.

मी मागितलं, सागरनं दिलं नाही. धामणगाव बढ्यात, आपल्या घरी, त्यानं स्वतःची शेड टाकली. मग प्रतीक्षाताईंनी आसिमचा जोडीदार म्हणून त्यालाच बोर्ड सांगितले. आणि एक दिवस स्वारी माझ्या दारात. शेगावला दर्शन करून आलो म्हणे, हातात पेढ्यांचा पुडा.

मी ज्वारी पाखडत होते. तो ओट्यावर टेकला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग मुद्द्यावर आला.

"भाभी, साच्यात शेपटीकडं एक फोड हाये. भाईनं काऊन ठेवला असंन? तिथं भोक पाडा लागते का?"

सूप माझ्या हातात तसंच राहिलं. ज्यानं आसिमच्या शेजारी उभं राहून काम केलं, त्यानं कधी बघितलंही नव्हतं. आसिम बोर्ड करत असायचा तेव्हा हा टाक्यांचं गिऱ्हाईक बघायचा. चोर तो चोर, आणि वर धांदरट.

मी म्हणाले, "सागर, तू जनमभर टाक्या केल्या ना रे? टाकीले भोक कोणी ठेवते का?"

तो आपल्यालाच हसला. "हाव, तेही खरंच." टाकीवाल्याला गळती म्हणजे शिवी. भोक दिसलं की हात आपोआप बुजवायला जातो. मी खोटं बोलले नाही, मी फक्त विचारलं. तो गेल्यावर पेढे शेजारच्या शेळीला घातले.

समुद्रात कोणी बुडलं असतं तर, हा विचार मी केला नाही असं नाही. पण आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन मला माहीत आहे. ते बोर्डांना अंगणाबाहेर जाऊच देणार नव्हतं. तरी एखादा तगलाच, तर प्रतीक्षाताईंच्या कानावर घालायला मी तिथं असणार होते. सागरनं स्वतःच मला बोलावलं होतं. ताई बोर्ड न्यायला त्याच्या शेडवर येणार होत्या आणि त्यांना आसिमच्या बायकोला भेटायचं होतं.

मी ठेवणीतली ओढणी घेतली आणि गेले. सागरनं बोर्डांना गडद निळा रंग देऊन आरशासारखे चकाकवले होते, आणि ताईंना लांबूनच दिसावेत म्हणून सकाळपासून अंगणात ओळीनं मांडले होते. काम सफाईचं होतं, ते मी नाकारत नाही; शेपटीकडचा खळगा त्यानं पुट्टीनं बुजवला असेल, असं मी धरलं. ताई दुपारी पोचल्या. त्या माझा हात धरून आसिमबद्दल बोलत होत्या, तेवढ्यात पहिला आवाज झाला.

सागरला वाटलं, रस्त्यावर टायर फुटला. तो फाटकाकडे बघायला गेला आणि मागं दुसरा बोर्ड उलला. मग तिसरा. शेपटीपासून कड सुटत गेली आणि आतलं पांढरं कापड दिसायला लागलं.

प्रतीक्षाताई वाकल्या. त्यांनी शेपटीवरून हात फिरवला. "इथला स्क्रू कुठाय? आसिमभाईंच्या बोर्डाला होता. हवा कुठून जाणार?"

सागर वळला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी ओढणी सावरली. मला आनंद झाला, पोटभर झाला. लाज वाटायला हवी होती असं कोणी म्हणेल, तर नाही वाटली.

ताई एकही बोर्ड न घेता गेल्या. सागर पायरीवर बसला.

"भाभी, तुमाले माहीत होतं."

"हाव."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तू टेम्पो भरत होता तव्हा मीही काऊन काऊन म्हणत होती. तू काय सांगतलं?"

त्यानं जवळच्या बोर्डाची सुटलेली कड दाबून पाहिली. मग म्हणाला, "आता काय पाहिजे तुमाले?"

"साचा. आणून दे, मंग तुह्ये बोर्ड सांधून देईन."

दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात आला. त्याआधी मी शेड झाडली होती, लोबान फिरवला होता. सागरनं साचा आसिमच्याच कामाच्या लाकडी घोडीवर ठेवला. मी वरचं फडकं काढलं आणि नाकापासून हात फिरवत शेपटीकडे आले. हात कुठं अडला नाही. पुन्हा फिरवला. काचेसारखं सपाट.

"इथला फोड कुठं गेला?" मी विचारलं.

"तो? ग्राइंडर मारला. तुमीच म्हणल्या ना, टाकीले भोक नसते. मंग फोडाचं काय काम? बोर्डावर खड्डा दिसत होता." कालचा सगळा अपमान विसरून त्यानं त्या जागेवरून बोट फिरवून दाखवलं. "लय मेहनत लागली, पण पाहा, पत्ता लागते का."

पत्ता लागत नव्हता. माझं ते एक वाक्य मी किती दिवस गुळासारखं चघळलं होतं. त्याच वाक्यानं त्याच्या हातात ग्राइंडर दिला होता.

तो कशाचा फोड होता, हे मी त्याला सांगू शकले असते. मग तो रडला असता, माफी मागितली असती, पेढे घेऊन पुन्हा पुन्हा आला असता आणि एक दिवस हलका झाला असता. ते सुख मी त्याला दिलं नाही.

"चांगलं केलं," म्हणाले. "जाय आता."

टेम्पो गेल्यावर मी शेडचं दार लावून घेतलं. जागा मला पाठ होती. तिथं मी माझा अंगठा ठेवला आणि दाबला. वाळलेल्या फायबरवर ठसा उमटत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी किती तरी वेळ मी तो दाबून धरला.