खुणेच्या जागी चादर

माझी थोरली बहीण केझाया हिचं लग्न ज्या वर्षी झालं, ते वर्ष १८८४. आमच्या घरात सालं अशीच लक्षात राहतात. धाकटा भाऊ गेला ते साल, नवी नाव घेतली ते साल, केझायाच्या लग्नाचं साल. मी तेव्हा सतरा वर्षांची होते.

आमचं गाव इंग्लंडजवळच्या वाइट बेटाच्या दक्षिण अंगाला. पुढे समुद्र आणि मागे खडूचा माळ. माळावरचं गवत मेंढ्यांनी कुरतडून अगदी आखूड केलेलं असतं. टाच जरा जोरात घासली तरी खालचा पांढरा खडू वर येतो. आमची खूण याच खडूची. चर्चच्या मागे, माथ्याजवळ, दोन गाड्या उभ्या राहतील एवढ्या जागेतलं गवत दर वसंतात सगळ्या गावाने मिळून सोलायचं आणि तो तुकडा पांढराशुभ्र ठेवायचा. कारण किनाऱ्यापुढे पाण्याखाली खडकांच्या रांगा आहेत आणि त्यांतून नावेला यायला एकच वाट. चर्चचा मनोरा आणि बरोबर त्याच्या डोक्यावर ती पांढरी खूण, असं दिसत राहिलं की नाव वाटेत आहे. खूण मनोऱ्याच्या डावी-उजवीकडे सरकली की नाव खडकावर चालली. गावातल्या पोराला चालता येण्याआधी हे कळतं.

खुणेच्या पूर्वेला खडूची खाण आणि खाणीच्या पूर्वेला एक उंचवटा, त्याला आम्ही डोळा म्हणतो. तिथून सगळं दिसतं. पाण्याखालचे खडकसुद्धा तिथून काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात. नावेत बसलेल्याला मात्र ते दिसत नाहीत.

लग्नाचं जेवण डोळ्यावर करायची आमच्याकडे रीत होती. नेहमी लोक घोंगड्या अंथरत. पण केझायाचं लग्न म्हणून आईने घरातल्या चार चादरी महिनाभर उन्हात वाळवून पांढऱ्या केल्या होत्या आणि एकीला एक शिवून मोठं थोरलं अंथरूण केलं होतं. उतारावर ते पसरलं, तेव्हा टॅबी आत्या म्हणाली, "अगं, एवढी मोठी चादर? जेवायला बोलावलंयस की झोपायला?"

"तू आधी जेव, मग झोपच. तुला उठवायला चार माणसं लागतात," आई म्हणाली.

नवरा ऑबेद अट्रिल खाणीत काम करायचा. हसरा, लांब हातांचा, केसांतला खडू कितीही धुतला तरी जायचा नाही. त्या दिवशी काळा कोट घालून आला होता. आत्याने त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं बघितली.

"चर्चमध्ये पण पीठ लावून आलास होय रे?"

"पीठ नाही, आत्या. म्हातारा झालो. तुमच्या पोरीने तीन वर्षं झुलवलं."

"तीन नाही, अडीच," केझाया म्हणाली. "आणि मावशी मावशी करत आईला लाडीगोडी कोण लावत होतं?"

"आता मावशी चालायची नाही," आईने बजावलं. "आता आई म्हणायचं."

ऑबेद लाजला. म्हणाला, "सवय व्हायला वेळ द्या की, मावशी." सगळे हसले.

बाबा तेवढे नव्हते. सकाळी केझायाचा हात ऑबेदच्या हातात दिला, आणि चर्चमधून निघून लग्नाच्या जाकिटातच गिडियन काकाबरोबर नावेत बसले. शेवंडांसाठी, त्या मोठ्या समुद्री झिंग्यांसाठी, टाकलेले पिंजरे उचलायचे होते. जावयाच्या ताटात शेवंड पडलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आई ओरडली होती, "मुलीचं लग्न आणि बाप समुद्रात!" बाबा म्हणाले, "भरतीबरोबर येतो. डुकराची मांडी खाऊन काय लग्न होतं?"

दुपार उलटली. नैऋत्येचा वारा सुटला आणि माळाच्या पश्चिम टोकावर ढग उतरला. आमच्याकडे हे नेहमीचंच. ढग टोपीसारखा बसतो आणि हळूहळू खाली ओघळतो. डोळ्यावर ऊन होतं. आम्ही मनुका भरलेले तळलेले गोळे खात होतो, सफरचंदाची दारू फिरत होती. मीच पहिल्यांदा नाव पाहिली. तांबडं शीड.

"आले बाबा!"

आम्ही उभे राहून हात हलवले. नाव वाटेच्या तोंडाशी आली आणि पश्चिमेकडे कलली.

"नवरीचा बाप बघा," आई म्हणाली, "घोटभर न पिताच वाकडा चालतोय."

नाव आणखी पश्चिमेला गेली. काळ्या पट्ट्यांकडे. आता कुणी हसलं नाही. लाट खडकावर फुटून पांढरी होत होती, ते आम्हाला वरून दिसत होतं आणि बाबा सरळ तिकडे निघाले होते, शीड भरलेलं, वारा पाठीशी.

"आंधळे झालेत का हे? खूण दिसत नाही का?" आई म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी खुणेकडे पाहिलं. खूण नव्हती. ढगात बुडाली होती. मग केझायाने खाली पाहिलं. तिच्या पायाशी, हिरव्या उतारावर, उन्हात लखलखणारी चादर होती.

"आपल्याला बघून येतायत ते," ती म्हणाली. "चादरीला खूण समजलेत."

आई चटकन चादरीवरून बाजूला झाली.

"गुंडाळा! गुंडाळा ती!" आत्या किंचाळली.

"नको!" केझाया म्हणाली. "गुंडाळली तर त्यांना काहीच दिसणार नाही. एवढ्या वाऱ्यात तिथे थांबता येत नाही. चादर सरकवा. खुणेखाली न्या."

ती कोळ्याची पोर होती. तिचं बरोबर होतं. मनोरा जागच्या जागी, म्हणजे चादर पश्चिमेला नेली की ती मनोऱ्याच्या डोक्यावर धरायला नावेला पूर्वेला यावं लागणार. वाटेत यावं लागणार. भांडी, ब्रेड, मांस सगळं उतारावर उधळून आम्ही चादर उचलली. केझाया आणि आई वरच्या कडेला, मी आणि ऑबेद खालच्या. ताणून धरून पळालो.

डोळा आणि खूण यांच्यामध्ये खाण होती. खाणीला वळसा घालणारी पायवाट वरून जाते, पण ती ढगात गेली होती. तिथून चादर कुणालाच दिसली नसती. खालून जायचं तर खाणीच्या काठावरून. काठावर गवत सुंदर दिसतं, आणि त्याच्याखाली खडू पोखरून नेलेला असतो.

ऑबेदला ते ठाऊक होतं. त्या आठवड्यात तिथला खडू त्यानेच काढला होता. काठ जवळ आला तसं त्याने माझ्या हातातलं टोक घेतलं.

"मर्सी, तू वर जा. खालची बाजू मी एकटा धरतो."

"अरे, तिथं पोकळ आहे ना?" आईने विचारलं.

"मला माहितीये, आई, कुठं पाय ठेवायचा ते. तुम्ही ताणून धरा. झोळ पडू देऊ नका."

आम्ही चालत होतो, धावणं नव्हतं आता. तो दोन्ही हात पसरून, चादरीची दोन्ही टोकं धरून, पाय चाचपत आडवा सरकत होता. मी समुद्राकडे पाहिलं. नाव वळली होती! तांबडं शीड पूर्वेला सरकत होतं, आमच्या पावलागणिक.

"येतायत!" मी ओरडले. "ऑबेद, येतायत!"

त्याने मान वळवून पाहिलं आणि हसला. मग आवाज आला, ओली गोणी जमिनीवर टाकल्यासारखा, आणि तो उभा होता तिथे काही नव्हतं. गवत नव्हतं, माणूस नव्हता. पांढरी कड होती आणि धूळ.

चादर आमच्या हातात होती. त्याने ती सोडली होती. जाताना घट्ट धरली असती तर केझाया त्याच्यामागे गेली असती. नंतर आईने त्या कडेची शिवण पाहिली. एक टाकाही उसवला नव्हता.

केझायाने काठाकडे एक पाऊल टाकलं आणि चादरीला झोळ पडला.

"धर," आई म्हणाली. तो आईचा आवाजच वाटत नव्हता. "केझाया, धर. बाप खडकात आहे तुझा."

केझायाने आईकडे पाहिलं. ती नजर मी आजवर कुणाला सांगितलेली नाही आणि आत्ताही मला सांगता येत नाही. तिने चादर ताणली. मी खाली धावले, काठ सोडून पुढच्या घट्ट जमिनीवर गेले आणि सुटलेली टोकं धरली. आम्ही तिघी खुणेखाली पोहोचलो, ढगाच्या अगदी कडेला, आणि उभ्या राहिलो. वारा चादरीत भरत होता. नाव वाटेत शिरली, लाटेवर उचलली गेली, आणि शीड उतरलं.

तेव्हा केझायाने हात सोडले.

वऱ्हाडातले पुरुष तोवर खाणीत उतरले होते. काळा कोट पांढऱ्या ढिगात दुरून दिसत होता. खडू त्याच्या छातीपर्यंत होता, आणि डोकं एका बाजूला. तो पडताक्षणीच गेला असावा असं सगळे म्हणाले. केझाया त्याच्या केसांतला खडू झटकत बसली. झटकला तेवढा पुन्हा वरून गळत होता.

बाबा टोपली घेऊन वर आले. जाकीट भिजलेलं, चेहरा आनंदाने लाल. लांबूनच ओरडत आले.

"काय हो, खूण चालायला कधीपासून लागली? गिडियनला म्हटलं, एक तर मी प्यालोय, नाहीतर आपला माळ! जीव गेला होता आमचा. कुणाचं डोकं चाललं ते सांगा, त्याला सगळ्यात मोठा शेवंड!"

आई चादर छातीशी धरून उभी होती. चादरीवर ब्रेडचे तुकडे चिकटले होते.

बाबांनी आमची तोंडं मोजल्यासारखी पाहिली. "जावई कुठंय?" त्यांनी विचारलं.

आईने खाणीकडे बोट केलं.

टोपली त्यांच्या हातून पडली. शेवंड जिवंत होते. ते गवतावरून इकडेतिकडे सरकत राहिले, आणि त्यांना उचलायला कुणी वाकलं नाही.

पुढच्या वसंतात गावाने खूण सोलली तेव्हा बाबा आले नाहीत. नंतर कधीच आले नाहीत. समुद्रावर मात्र जात राहिले, आणि परत येताना त्याच खुणेकडे बघत येत राहिले, कारण दुसरी वाट नाही. केझायाने पुन्हा लग्न केलं नाही.

ऑबेदच्या थडग्याचा दगड चर्चच्या मागे आहे, मनोऱ्याच्या सावलीत. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. म्हातारपणी नातीने शिकवलं, मग मी एकटी गेले आणि बोट ठेवून वाचलं. ऑबेद अट्रिल, केझायाचा नवरा, वय चोवीस, चौदा जून १८८४ रोजी, लग्नाच्या दिवशी, खडूच्या खाणीत पडून वारला.