वनमालाअक्काची आब्लारीया

वनमालाअक्काचं लग्न मोडलं. पण आमच्या घरात असं कुणी म्हणत नाही. ते ठरलंच नव्हतं, असं ठरलंय. तेव्हा पहिलं वाक्य वाचलंच नाही असं समजून पुढं चला.

अक्का माझी थोरली बहीण. मामा येडशी स्टेशनात तिकिटं देत. गाडीत कुणीतरी विसरलेलं स्पॅनिश शिकायचं पुस्तक त्यांनी तिला आणून दिलं. तुळजापुरात स्पॅनिश कुणालाच येत नाही. म्हणजे चुका काढायलाही कुणी नाही. केवढी सोय! आमचे अण्णा यात्रेकरूंच्या पूजा सांगतात. त्यांच्याच पाठांतराच्या चालीवर अक्का पहाटे म्हणायची, "आब्लारीया, आब्लारीयास, आब्लारीया, आब्लारीयामोस..." म्हणजे मी बोलेन, तू बोलशील, पण काही अट पुरी झाली तर. अख्ख्या क्रियापदाला शेपूट जोडायचं. बोलणं, खाणं, राहणं, सगळ्यांना शेपूट एकच. देवीला आली की आमच्या ओसरीवर उतरणारी सोनारीची हरणाबाई धनगरीण हात जोडून ऐकायची.

अक्काला पुण्याला जाऊन स्पॅनिशची परीक्षा द्यायची होती. त्याआधीच सोनारीचे वसंतराव, निवृत्त हेडमास्तर, मुलासाठी तिला पाहायला आले. रिवाजाप्रमाणं म्हणाले, "एखादं स्तोत्र म्हणा."

अक्कानं डोळे मिटले. "कोमेरीया, कोमेरीयास, कोमेरीया..."

वसंतराव डोलायला लागले. मुलानं पोह्यांची बशी खाली ठेवून हात जोडले. अण्णांना घाम फुटला.

"वा! कुठल्या पुराणातलं?"

"स्पेनमधलं," अक्का म्हणाली. "खाण्याची रूपं आहेत."

पुराणाचं नाव मी सुचवणार होतो. पण अक्का खोटं बोलत नाही. एवढी हिंमत आमच्या घरात दुसऱ्या कुणात नाही.

वसंतराव सावरले. "असू द्या. निजामाच्या शाळेत उर्दू पचवली, हेही पचवू. सोनारीत राहाल ना?"

"बिबिरीया. राहीन, परीक्षा देऊ दिलीत तर."

"अट?"

"काका, ते क्रियापदच तसलं आहे," मी म्हणालो.

"तू गप रे!" अण्णा ओरडले.

"अट घालणारी सून आम्हाला झेपायची नाही," म्हणून वसंतराव उठले. मुलगा पोह्यांकडं बघत मागनं गेला.

अण्णांनी अबोला धरला. अक्का मात्र पहाटे पुन्हा सुरू झाली, अन् मध्येच थांबली. आतनं अण्णा म्हणाले, "थांबलीस का? 'आम्ही'चं रूप राहिलं."

"बिबिरीयामोस," अक्का कशीबशी म्हणाली.

"हां. पुण्याला पाठवायचा न्हाय मी. पण परीक्षा इकडं आली, तर खुशाल दे."

पुढच्या खेपेला हरणाबाई सांगत आली, "पोरी, आमच्या समद्या बाया म्हणत्यात तुझं ते. मेंढरं लई गुमान चरत्यात. हेडमास्तर तेवढं खिडकी लावून घेत्यात."

सबब, स्पेन सरकारच्या शिक्षण खात्यास नम्र विनंती की, मौजे सोनारी येथे परीक्षाकेंद्र मंजूर करावे. जागा वसंतरावांच्या ओट्यावर उपलब्ध आहे. मेंढरांस लेखी परीक्षेत सूट मिळावी.