डावीकडची शेजारीण

मी शेजारीण बोलतेय. माझं घर म्हणजे पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंच्या छातीची डावी बाजू. उजवीकडे राहते ती मूळची रहिवासी, मी मागाहून आलेली भाडेकरू. धाग्याने विणलेली, पोटात हलका कृत्रिम कापूस, ओंजळीत मावेन एवढी. आणि रंगाने पोपटी.

हसलात ना? हसा खुशाल. माझा जन्मच हशात झालाय.

इस्पितळाच्या एका खोलीत स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बायका जमायच्या. तिथे एक निवृत्त नर्सबाई टोपलीभर लोकर-सूत घेऊन बसत. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही बाजू कधीच्या सपाट झालेल्या. माझ्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा उकाड्यातसुद्धा ढगळ स्वेटर घालून, हाताची घडी छातीशी घट्ट आवळून दाराजवळ उभ्या राहिल्या.

"रंग कोणता विणू?" नर्सबाईंनी विचारलं.

"अंगाच्या रंगाचा. कुणाला कळायला नको."

"कपड्याच्या आत कोण डोकावणार आहे? रोज बघणार तू एकटी. तुला बघून बरं वाटेल असा सांग."

बाईंनी टोपली धुंडाळली आणि खालून पोपटी गुंडा उचलला. कोपऱ्यातली एकजण ओरडली, "अगं, पिकायच्या आधीच तोडलंस की!" सगळ्या खोलीत हशा फुटला. बाई हसल्या, मग हसतच राहिल्या. हसण्यात हाताची घडी सुटली, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

घरी सासूबाईंनी चष्मा लावून मला उलटंसुलटं केलं, दाबून पाहिलं.

"मऊ आहे. हिला म्हणायचं काय?"

"शेजारीण म्हणू," बाई म्हणाल्या.

"चालेल. भांडणार तरी नाही."

बाईंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना धीर द्यावा तर त्यांनीच. घरात मात्र तेच दोन मजल्यांच्या मधोमध अडकल्यासारखे झाले होते. बायकोच्या समोर आले की एकच प्रश्न, "चहा घेतेस?" शेवटी सासूबाई कडाडल्या, "अरे, तिला दुखतंय का ते विचार. चहा पिऊन पिऊन कंटाळली ती!"

यजमानांनी विचारलं. बाई रडल्या. तेही रडले. मी दोघांच्या मध्ये चेपले गेले, पण तक्रार नव्हती. मग नाक पुसत बाई म्हणाल्या, "आता खरंच चहा कर."

ऑपरेशननंतर डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. बाई स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटं चढवायच्या, मुंगी चढावी तशी. मुंगी निम्म्या वाटेवर थकायची. सासूबाईंनी मुद्दाम बिस्किटांचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. "हवी असतील तर काढून घे. मी काही देणार नाही." ज्या दिवशी बोटं डब्याला लागली, त्या दिवशी सासू-सुनेने अख्खा डबा फस्त केला. यजमान घरी आले तर फक्त चुरा.

बाई तलावावर परत गेल्या. पाण्यात मात्र उतरेनात. काठावर शिट्टी घेऊन उभ्या राहायच्या, अंगात सैल टी-शर्ट, आत मी. पोहण्याचा पोशाख कपाटात घडी करून पडलेला. "काठावरून पोहायला शिकवणं म्हणजे फोनवरून जेवायला वाढणं," त्या स्वतःच पुटपुटत. पण पाय काही पुढे पडत नव्हता. माझ्याशेजारीच त्यांचं काळीज, त्यामुळे मला सगळं कळायचं. पाण्याची भीती नव्हती ती. लोकांच्या नजरेची होती.

मोठ्या बायकांच्या वर्गात एक पोस्टात काम करणारी बाई होती. कठड्याला अशी चिकटायची, जणू तिकीटच. एके दिवशी तिचा हात निसटला आणि ती खोल भागाकडे सरकली. तोंडात पाणी गेलं, हात सैरावैरा उडू लागले.

बाईंनी शिट्टी फेकली आणि होत्या त्या कपड्यांनिशी उडी मारली. दोन्ही हात पाणी कापत गेले. हो, डावासुद्धा! पोस्टबाईला मागून बगलेत धरून त्यांनी काठाला आणलं. बायकांनी तिला वर ओढलं. ती खोकली, श्वास घेतला, डोळे उघडले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आणि मी? त्या धांदलीत मी अंतर्वस्त्राला शिवलेल्या माझ्या खिशातून निसटून पाण्यावर आले होते. निळ्याशार पाण्यात पोपटी मी, डुलत डुलत थेट मधोमध.

पोस्टबाईने बोट दाखवलं. "बाई... तुमचं काहीतरी... तिकडे चाललंय."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. बाईंचा हात आपोआप छातीकडे गेला. मला वाटलं, संपलं. आता या घरी जातील आणि परत यायच्या नाहीत.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी एक गोल गिरकी घेतली.

"बघा, बघा!" बाई मोठ्याने म्हणाल्या. "मी इतकी वर्षं घसा फोडून तरंगायला शिकवतेय, तुम्हाला जमत नाही. ही पहिल्याच दिवशी शिकली!"

मग पोस्टबाईच आधी हसली, खोकत खोकत. आणि मग त्या तलावावर जो हशा उठला, तसा मी पुन्हा ऐकला नाही. बाई पोहत आल्या, मला उचललं, पिळलं, काठावर उन्हात ठेवलं. आणि बाहेर न येता पाठीवर पडून राहिल्या, डोळे मिटून, पाण्याच्या मांडीवर.

वर्गात एकजण नेहमी पोशाखावर नवऱ्याचा भलामोठा शर्ट घालून पोहायची. थट्टेने सगळ्या तिला 'शिडाचं जहाज' म्हणायच्या. त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तिने बाईंसमोर हळूच शर्ट उतरवला. तिचीही एक बाजू सपाट होती. बाईंनी आपला टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी जहाज शिडाशिवाय आलं.

बाईही पोहण्याचा पोशाख घालून आल्या, माझ्याशिवाय. सकाळी लहान मुलींचा वर्ग असतो. पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी निरखून म्हणाली, "बाई, तुमचा एक कुठे गेला?"

"आजारी होता. डॉक्टरांनी काढून टाकला."

"मग आता तुम्ही वाकड्या पोहता?"

"नाही गं. सरळच."

"मग चला ना, शिकवा!" म्हणून तिने धपकन उडी मारली.

सगळं आबादीआबाद झालं असं मात्र नाही. तपासणीची तारीख जवळ आली की घरात अजून सगळे हळू बोलतात, दूध उतू जातं, यजमानांचा "चहा घेतेस?" पुन्हा सुरू होतो. आज तशीच तपासणी होती. डॉक्टरांनी अहवाल पाहिला आणि त्या म्हणाल्या, "छान. आता वर्षाने या." बाई मला घालूनच गेल्या होत्या, ठेवणीतला ड्रेस माझ्याशिवाय नीट बसत नाही. तिथून घरी न जाता त्या थेट तलावावर आल्या.

आता मी कपडे बदलायच्या खोलीत खुंटीवर आहे. कुणी टॉवेल घ्यायला आत आलं तर मी दिसेन. दिसले तर नजर चोरून जाऊ नका. थांबा, बघा, हवं ते विचारा. हसू आलं तर हसा. आम्ही दोघींनी त्याचीच सवय लावून घेतली आहे. आणि बाईंना भेटायचं असेल, तर त्या इथे सापडायच्या नाहीत. ऐका ना, बाहेरून आवाज येतोय, "पाय मारा! पाय मारा! बुडत नाही कुणी!"