हवा कुठून जाते

गव्हाचा ट्रक ओलांडायला मी उजवीकडे आले, ॲक्सिलरेटरवर पाय दाबला, आणि गाडीने दोन आचके देऊन दमच सोडला. समोरून पांढरी व्हॅन येत होती. ट्रकवाल्याच्या ते लक्षात आलं असावं. त्याने ब्रेक मारला म्हणून मला त्याच्या पुढे घुसायला जागा मिळाली. काडिना गावाच्या अलीकडे गाडी बाजूला लावून मी दहा मिनिटं नुसती बसून राहिले.

मी फिरती नर्स आहे. गावोगावी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमांच्या पट्ट्या बदलते. दिवसाला दोनशे किलोमीटर सहज होतात, त्यामुळे गाडीवर भरवसा नसेल तर माझं कामच थांबतं.

घरी आल्यावर डॅडना सांगितलं, तर ते चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "टर्बो गाडी आहे, टॅम. जोर यायला तिला क्षणभर लागतो. तू पाय उशिरा देतेस. तुझी आईही तशीच चालवायची."

गाडी अडखळायला लागल्यापासून दोन महिने मी हेच ऐकत होते. आणि खरं सांगायचं तर मला ते पटलंही होतं. आमचे डॅड, क्लेम ट्रेझीझ, यांनी वॅलारूच्या धान्याच्या कोठारांवर चाळीस वर्षं यंत्रं सांभाळली. निवृत्त झाल्यावर अर्ध्या मूंटा गावाच्या गाड्या आमच्या शेडमध्ये उघडल्या गेल्या. त्यांच्यासमोर गाडीबद्दल बोलणार कोण?

"आज मी मेले असते, डॅड," मी म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला. "शनिवारी उघडू."

शनिवारी सकाळी बॉनेट वर गेलं. गाडीच्या कॉम्प्युटरला तपासणीचं यंत्र जोडून पाहिलं, एकही दोष दिसेना. प्लग काढले, चारही स्वच्छ. पेट्रोल दुसऱ्या पंपावरचं भरून झालंच होतं.

"नीट सांग, कधी अडखळते?" डॅडनी विचारलं.

"जागेवर चालू असते तेव्हा नाही. गावात हळू चालवते तेव्हाही नाही. जोर मागितला की मगच."

"म्हणजे टर्बो हवा दाबायला लागला की." ते इंजिनावर वाकले. "कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजतो आणि तेवढ्याला पुरेल इतकं पेट्रोल सोडतो. मोजलेली हवा वाटेतच कुठे निसटली, तर पेट्रोल जास्त होतं आणि इंजिन गुदमरतं. हवा कुठून जाते ते बघायला हवं."

त्यांनी प्लास्टिकच्या नळाचं एक टोपण घेतलं, त्याला भोक पाडून टायरचा व्हॉल्व्ह बसवला. हवा आत येते त्या पाइपच्या तोंडावर ते टोपण आवळलं, आणि छोट्या कॉम्प्रेसरने टायरला लागते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच हवा भरली. मी साबणाचं पाणी घेऊन एकेक जोड भिजवत गेले.

खालच्या अंगाला, रेडिएटरच्या शेजारी, फुस्स असा बारीक आवाज येत होता. डॅडना तो ऐकू आला नाही. त्यांचे कान कोठारांतल्या यंत्रांच्या आवाजातच गेले. मी पाणी मारलं, तर जाड रबरी पाइपच्या टोकाशी फेसाचा गोळाच उठला.

मी टॉर्च धरला. पाइप आवळणारी लोखंडी पट्टी आतल्या नळीच्या फुगीर कडेच्या मागे बसायला हवी होती. ती कडेवरच तिरकी बसली होती, आणि जोर आला की पाइप तिथे उचलला जात होता. तो पाइप जूनमध्ये काढून परत कोणी लावला होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"रबर जुनं झालंय," मी म्हणाले.

"सरक."

ते जमिनीवर आडवे झाले आणि बोटाने पट्टी चाचपू लागले. त्यांचा हात थरथरत होता. लोकांच्या घरी मी असा हात पाहते, तेव्हा पहिल्याच भेटीत वहीत टिपून ठेवते. आपल्याच घरात वर्षभर तो हात माझ्यासमोर चहाचा कप उचलत होता.

"रबर नवंकोरं आहे," ते झोपल्या-झोपल्याच म्हणाले. "पट्टी मी चुकीची बसवली. आणि वर दोन महिने तुलाच शहाणपण शिकवत होतो."

"होतं असं, डॅड."

"व्हॅनवाल्याला सांगशील का हे?"

मी पाइप काढला, पुसला, पट्टी मागे सरकवून आवळली. ते सांगत होते, "अजून अर्धा आटा. बस." पुन्हा हवा भरली. एकही बुडबुडा नाही.

समुद्राकडच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी नेली. पाय दाबला, तशी ती सुसाट निघाली. मला हसू आलं. डॅड मात्र खिडकीबाहेर बघत होते.

"गाडी वळव," ते एकदम म्हणाले. "ग्वेंडाचे ब्रेक मी गेल्या महिन्यात केलेत."

ग्वेंडा पेन्बर्थी आमच्या मागच्या गल्लीत राहतात. ऐंशी वर्षांच्या, एकट्या. आम्ही जॅक घेऊन दारात उभे राहिलो, तेव्हा त्या पेस्टीचं, खिमा भरायच्या मोठ्या करंजीचं, पीठ मळत होत्या. मी चारही चाकं काढली. ब्रेकच्या प्रत्येक बोल्टला पाना लावला, आणि डॅड शेजारी बसून माझ्या मनगटाकडे बघत राहिले. सगळे बोल्ट घट्ट होते.

"क्लेम, काय शोधताय एवढं?" ग्वेंडांनी विचारलं.

"माझी चूक."

"सापडली?"

"इथे नाही. पण यापुढे गाडी काडिनाच्या गॅरेजला द्या."

"ते लोक चहाला थांबत नाहीत हो."

"चहाला मी येईन की."

त्या आत गेल्या. डॅडनी पाना उचलला, पेटीत ठेवायला गेले, तो पत्र्यावर खडखडला. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"डॉक्टरकडे कधी जायचं म्हणत होतीस?"

मी कधीच काही म्हटलं नव्हतं. "गुरुवारी," मी म्हणाले.

"गुरुवारी चालेल."