कूलरसमोरची खुर्ची

आमच्या देवळी गावात माणसाची किंमत कूलरवरून ठरते. जो जितका कूलरजवळ बसते तो तितका मोठा. पाव्हणा आला की त्याले कूलरसमोर बसवा, जावई आला की घरच्यांनी उठून त्याले जागा द्या, आणि घरातल्या म्हाताऱ्याले कोणी विचारेनासं झालं की त्याची खाट हळूच वाऱ्यातून बाहेर सरकवा. मे महिन्यात इथं अंगाची लाही होते, हे मले मान्य आहे. मी काही शिमल्याहून आलेली नाई. पण एका पत्र्याच्या डब्यासाठी माणसानं इतकं लाचार व्हावं? थू!

मी नलू. खरेदी-विक्री संघात कारकून. आम्ही बियाणं विकतो, खत विकतो. सारी नोकरी मी अण्णाजीच्या हाताखाली काढली. ते बडेबाबू. म्हणजे सही त्यांची, गोडाऊनच्या किल्ल्या त्यांच्या, आणि त्यांनी केलेले घोळ निस्तरायचे मी. यंदा ते रिटायर झाले आणि एकदाची मी बडेबाबू झाली. संघात याच्याआधी कोणी बाई त्या जागेवर बसली नव्हती. मले तो मान पाहिजे होता, खोटं काऊन बोलू? दोन वर्षांनी मी घरी बसीन, तेव्हा लोकांनी म्हणावं, नलूबाई बडेबाबू होत्या. बस, एवढंच.

मानासोबत अण्णाजीची खुर्ची आली. ती बरोब्बर कूलरच्या तोंडासमोर.

आणि मले सायनस. थंड वारा तोंडावर आला की आधी भुवयांच्या मधात ठणका सुरू होते, मग गालाची हाडं, मग वरचे दात. खाली वाकलं की वाटते, कपाळातलं सारं आता टेबलावर सांडते. कान बसतात. चहा पिला काय अन् गरम पाणी पिलं काय, सारखंच. वर्ध्याच्या डॉक्टरीण बाईनं साफ सांगितलं होतं, "गोळ्या घ्या, वाफ घ्या, पण गार वाऱ्यात बसाल तर काही उपयोग नाही."

हे ऑफिसात सांगितलं तर सारेच डॉक्टर निघाले. एक म्हणे नाकात तूप सोडा. दुसरा म्हणे ओव्याची पुरचुंडी हुंगा. आमचा चपराशी लखन म्हणे, "मॅडम, मनावर घेऊ नका, सर्दी पळून जाईन." आणि मुकेश म्हणे, "उन्हाळ्यात कोठं सर्दी होते का मॅडम? आमच्या घरी तर लहान लेकरू कूलरपुढं झोपते!" हा मुकेश माझ्या हाताखालचा कारकून. केसांना चोपडून चोपडून जेल लावते, काम सांगितलं की "हो मॅडम" म्हणते आणि मोबाईल काढते. त्याच्या घरचं लेकरू कसं झोपते ते ऐकून माझं कपाळ ठणकायचं थांबणार होतं का? भैताड!

तरी मी ती खुर्ची धरून बसली. मे महिन्यात डोक्स्यावर लोकरीची कानटोपी, गळ्याभोवती शाल, आणि समोर शेतकरी घामानं निथळून राह्यले. मुकेशनं माझा फोटो काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, देवळीत बर्फवृष्टी. सारे हसले. आमचे अध्यक्ष सदाशिवराव, साठी उलटलेला माणूस, त्यांनीही हसणारं तोंड पाठवलं. दाढ दुखते म्हणून यांनी एकदा अख्खी मीटिंग रद्द केली होती, तेव्हा मी नाई पाठवलं कोणतं तोंड.

आठवडाभरात डोळे असे सुजले की मले आकडे दिसेनात. मग मी माझं टेबल गोडाऊनला लागून असलेल्या खोलीत नेलं. तिथं एक जुना पंखा, एक खिडकी आणि भरपूर गरमी. मले तर स्वर्ग सापडला. दुसऱ्या दिवशी नाक एका बाजूनं उघडलं.

"खुर्ची रिकामी बरी नाई दिसत, मॅडम," मुकेश म्हणाला आणि तिच्यावर जाऊन बसला.

मी म्हटलं, बस बापा. खुर्चीच तर आहे. इथंच माझं चुकलं. आपल्या लोकांची अक्कल मी जास्त धरली.

उन्हातून आलेला शेतकरी डोक्यावरचा दुपट्टा सोडत सरळ कूलरकडे जाये. तिथं जो बसलेला तोच बडेबाबू. "बडेबाबू, आमचं बियाणं कधी भेटीन?" मुकेश एकदाही म्हणाला नाई की बडेबाबू तिकडे आहेत. मान डोलवे आणि कागद ठेवून घे. मग कागद तिथंच राहू लागले. सहीपुरते लखन माझ्याकडे आणे, तेही घाईत, जशी मी कोणी वाटेतली चौकी आहो. एक दिवस सदाशिवरावांचा फोन आला. मी पाणी प्यायले कूलरच्या हॉलमध्ये गेलती. लखन फोनवर म्हणाला, "हो साहेब, बडेबाबूले देतो," आणि माझ्या समोरून जाऊन फोन मुकेशच्या हातात दिला. लखनच्या मनात पाप नव्हतं. त्याले खरोखरच तसं वाटून राह्यलं होतं. मी खोलीत परत आली आणि रडली. सायनसमध्ये रडू नये, फार दुखते.

मग व्हायचं तेच झालं. बियाण्याची गर्दी सुरू झाली तशी सदाशिवरावांची गाडी आली. ते कूलरसमोर बसले, मुकेशनं त्यांच्यासाठी ताक मागवलं, आणि लखन माझ्याकडे निरोप घेऊन आला.

"मॅडम, साहेबांनी किल्ल्या घेऊन बोलावलं. म्हणतात, तुमची तब्येत बरी नाई राहत, तर एक तारखेपासून मुकेशभाऊ बडेबाबू. चार्ज देऊन टाका."

"तब्येत बरी नाई राहत" म्हणे! दोन महिन्यांत माझी एक सुटी नाई, एक कागद अडलेला नाई. माझं नाक चोंदलं होतं, डोक्सं नाई. वाटलं, जावं आणि किल्ल्या त्यांच्या ताकात टाकाव्या.

मी लखनले म्हटलं, "साहेबांले सांग, चार्ज म्हणजे गोडाऊनचा चार्ज. साठा अध्यक्षांसमोर मोजून द्यावा लागते, तसाच नियम आहे. त्या हवेत मी येत नाई. दोघांलेही इकडे या म्हण."

आले. सदाशिवराव कपाळाले आठ्या घालून, मुकेश मागं. मी शटर वर केलं आणि आम्ही आत गेलो. दुपारची वेळ, वर पत्रा, आणि छतापर्यंत पोत्यांच्या थप्प्या. आतल्या गरमीनं दोघांचंही तोंड वाकडं झालं. माझं मात्र नाक दोन्हीकडून मोकळं झालं आणि कितीतरी दिवसांनी मले खताचा वास आला. असा घाणेरडा वास इतका गोड लागीन, असं वाटलं नव्हतं.

मी मोजू लागली. मोठ्यानं, एकेक पोत्याले हात लावून. पहिली थप्पी झाली. दुसरी झाली. सदाशिवरावांचा पांढरा शर्ट पाठीले चिकटला. मुकेशचं जेल वितळून भुवयांत आलं.

"नलूबाई, अंदाजानं लिहा ना," सदाशिवराव म्हणाले.

"अंदाजानं? उद्या दोन पोते कमी निघाले तर सही तुमची राहीन, साहेब. चला, ती पलीकडची थप्पी."

"पंखा नाई का इथं?"

"नाई. अण्णाजींनी मागितला होता. तुम्हीच नाई म्हणाले."

तिसरी थप्पी अर्धी झाली तेव्हा मुकेश पोत्यावर बसला. तोंड पांढरंफटक. म्हणे, "मॅडम, उद्या सकाळी मोजू." मी म्हटलं, "उद्या कशाले? बडेबाबूले तर हे रोजच करा लागते. बियाणं उतरते तेव्हा इथंच उभं राहा लागते, संध्याकाळपर्यंत." त्यानं सदाशिवरावांकडे पाह्यलं. सदाशिवरावांनी शटरकडे पाह्यलं.

"राहू द्या हो!" अध्यक्ष ओरडले. "ठेवा तुमच्या किल्ल्या! मुकेश, तुले पाहिजे का रे हे?"

"नको साहेब," मुकेश म्हणाला. "मॅडमच बऱ्या."

आणि दोघंही कूलरकडे असे पळाले की लखनले वाटलं, आत साप निघाला.

बायकांनो, माणसांनो, थंडी सोसत नाई म्हणून मले नाजूक म्हणणारे हे लोक. यांना तीन थप्प्या सोसल्या नाई!

संध्याकाळपर्यंत साऱ्या ऑफिसात बोभाटा झाला की स्वतः अध्यक्ष नलूबाईच्या खोलीत चालत गेले. काय बोलले, काऊन गेले, कोणी विचारलं नाई. दुसऱ्या दिवशी मी आली तर माझ्या खिडकीत नवा कोरा कूलर. हळदकुंकू लावलेला, वर झेंडूचा हार. बाजूले मुकेश हात जोडून उभा.

"साहेबांनी पाठवला, मॅडम. मीच म्हटलं त्यांले, बडेबाबूच्या खोलीत कूलर नाई, हे शोभते का?"

या माणसाले काय समजवायचं? कोणत्या भाषेत? मी पुढं झाली आणि कूलरचं बटन बंद केलं. पाणी काढून टाकायले सांगितलं, पण डबा राहू दिला. तो परत पाठवला असता तर पुन्हा फोन मुकेशच्या हातात गेला असता.

आता सारे कागद माझ्याकडे येतात. शेतकरी येतात, मुकेश येते, परवा सदाशिवरावही येऊन गेले. बंद कूलरसमोर खुर्ची ओढून बसतात, घाम पुसतात.

काल मुकेश फाईल घेऊन बसला होता. हनुवटीवरून घामाचा थेंब टपकन् फाईलवर पडला. त्यानं कूलरकडे पाह्यलं, हात पसरले आणि सुस्कारा सोडला.

"मॅडम, काही म्हणा, तुमच्या खोलीत बाकी मस्त गार वाटते."

मी म्हटलं, "हो ना. बस मग. अजून थोडा वेळ बस."